लागू दे माझी नजर

नई जिंदगी, सोलापूर
१७ फेब्रुवारी २०२५

फिरदोस आपा,

सलाम. तू माझा नंबर ब्लॉक केलायस, अम्मी माझा आवाज ऐकला की फोन ठेवते आणि अब्बांचा फोन कालपासून बंद लागतोय. पोस्टमनला मात्र ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. घरात आपण दखनीत बोलतो, पण पेन हातात घेतलं की तुला आणि मला मंद्रूपच्या शाळेतली मराठीच येते, तेव्हा मराठीतच लिहिते. माफी मागायला लिहीत नाहीये. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर शेवटपर्यंत माफीची वाट बघत बसशील.

शुक्रवारी फरहानच्या अकीक्याला, जावळ-नावाच्या त्या जेवणाला, मी सगळ्या बायकांसमोर जे बोलले, तेच पुन्हा लिहून देते. तुझ्या मुलाच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसतंय. मी त्याला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसले होते. उजेड बाजूनं येत होता. उजव्या डोळ्याची बाहुली काळीभोर आणि डावीत ताकाचा थेंब पडल्यासारखं. मला वाटलं खिडकीचं प्रतिबिंब असेल. मी त्याला दुसऱ्या बाजूला वळवलं, पदराची सावली धरली. थेंब जागचा हलला नाही. नंतर माझ्या मुबीननं काढलेला फोटो पाहिला. फ्लॅशमध्ये एक डोळा लाल आलाय, दुसरा पांढरा.

माझं चुकलं असेल तर एवढंच, की मी तुला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण बाजूला घ्यायला तू मोकळी होतीस का? त्याच्या आधी पाच मिनिटं मामी माझ्या अल्फियाकडं बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "साडेतीन महिन्यांची झाली पोरगी, कुणाकडं बघत नाही की हसत नाही. आंधळी तर नाही ना ही?" अम्मी मला म्हणाली, सना, तिला आतल्या खोलीत ने, पाहुणे जेवायला बसायचेत. आणि तू, आपा, तू ताटाकडं बघत राहिलीस.

अल्फिया आंधळी नाही. ती अकरा आठवडे लवकर आली. तुझी आणि माझी तारीख एकाच आठवड्यातली होती, दोघी मिळून माहेरी जाणार म्हणून आपण केवढं ठरवलं होतं. तुझा मुलगा ठरल्या वेळेला आला. माझी मुलगी दिवाळीच्या पाठोपाठ आली, माझ्या तळहातावर मावेल एवढी, आणि दोन महिने काचेच्या पेटीत राहिली. डोळ्याच्या मॅडम सांगतात की बघणं, हसणं, मान धरणं यासाठी तिचं वय जन्मापासून मोजायचं नाही, ज्या दिवशी यायला हवी होती त्या दिवसापासून मोजायचं. त्या हिशेबानं अल्फिया आणि फरहान जुळ्यासारखे एका वयाचे आहेत. फरहाननं अजून हसून दाखवलं नाही म्हणून त्याला कुणी आंधळा म्हणालं का?

अम्मी सगळ्यांना सांगतेय की सना जळते. जळले. तो जाडजूड मुलगा तुझ्या मांडीवर पाहिला तेव्हा जळले, खोटं कशाला बोलू? पण जळणाऱ्या बाईला दिसायचं बंद होतं का गं? दोन महिने त्या काचेपाशी उभी राहून मी डोळे बघायलाच शिकले. दर आठवड्याला मॅडम यायच्या, अल्फियाच्या डोळ्यात थेंब टाकायच्या, दिवा लावून आत बघायच्या. मी विचारत राहायचे, त्या सांगत राहायच्या. निरोगी डोळ्याची बाहुली कशी दिसते ते मला आता झोपेतही कळेल.

तू मला म्हणालीस, "तुझ्या पोरीचं दुखणं माझ्या पोराला चिकटवू नकोस. नजर लावायला आलीस तू." बरं. लागू दे माझी नजर. लागलीच आहे असं समज. अम्मीनं मीठ-मिरच्या ओवाळल्या असतीलच, त्यानं पांढरं गेलं तर मी खोटी. नाही गेलं तर त्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं ने. कुठल्याही डॉक्टरकडं ने, माझ्या मॅडमकडं नको असेल तर नको. पण ने.

तुझी,
सना


२४ फेब्रुवारी २०२५

आपा,

काल अब्बा आले होते. माझं पत्र त्यांच्या बंडीच्या खिशात होतं, फोडलेलं. अम्मीनं फोडलं, वाचलं, आणि तुला न देता त्यांच्याकडं दिलं की हे तिचं तिला परत दे. म्हणजे माझं एक अक्षर तुझ्यापर्यंत पोचलं नाही. ते पत्र याच पाकिटात घालतेय. अब्बांनी शब्द दिलाय की या वेळी तुझ्याच हातात देतील.

अब्बा पंक्चरच्या दुकानातून सरळ आले होते, हाताला ट्यूबचा वास तसाच. चहा बशीत ओतला आणि कितीतरी वेळ फुंकरच घालत बसले. मग म्हणाले, "बेटा, तुझी आई वाईट नाही. घाबरलीय ती. फिरदोसच्या पदरात सात वर्षांनी मूल पडलं. मंगळवेढ्याच्या सासरच्या लोकांनी तिला काय काय ऐकवलं ते तुला माहीत आहे. आता मुलात खोट निघाली तर ते तिला नांदवतील का, एवढंच तिच्या डोक्यात आहे."

मी म्हटलं, "अब्बा, खोट झाकून ठेवली तर जाते का?"

अल्फिया चटईवर जागी होती. मुबीननं शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर काळ्या मार्करनं जाड पट्टे ओढलेत, ते मी तिच्यासमोर धरते. एवढ्या लहान मुलांना रंगीत खुळखुळ्यापेक्षा काळं-पांढरं आधी दिसतं, आणि तेही वीतभरावरून. अब्बांनी पुठ्ठा घेतला नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या तोंडापुढून हळूच एका बाजूला नेली. अल्फियाचे डोळे टोपीमागं गेले. मध्येच सुटले, पुन्हा सापडले. अब्बा म्हणाले, "देखरी रे ये तो!" आणि खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. हे मामीला सांग.

आता तुला डिसेंबरची गोष्ट सांगते. तुला माहीत आहे ती, तरी सांगते, कारण तू विसरल्यासारखं वागतेयस. मॅडम म्हणाल्या होत्या की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्ताच्या नळ्या आईच्या पोटात पुऱ्या होतात. अल्फियाच्या अर्ध्यावर राहिल्या होत्या आणि आता वेड्यावाकड्या वाढत होत्या. लेसर केला नाही तर पडदा सुटेल, मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही. मुबीनच्या हातात पेन नुसतंच होतं. त्याची आई रडत होती. अम्मी फोनवर ओरडत होती की एवढ्याशा जिवाच्या डोळ्यात आग घालतात का, नशिबात असेल तसं होईल, सही करू नका. तुला तेव्हा नववा लागला होता. तू अम्मीच्या हातातून फोन घेतलास आणि म्हणालीस, "सना, कर सही. अम्मीला मी बघते."

मी मुबीनच्या हातातून पेन घेतलं आणि सही केली.

आज अल्फियाला दिसतंय ते माझ्यामुळं जेवढं, तेवढंच तुझ्यामुळं. मग तीच फिरदोस आपा आता कुठं गेली? ती काय फक्त दुसऱ्याच्या मुलासाठी होती?

अम्मी म्हणाली असेल की चिल्ला पुरा होऊ दे, चाळीस दिवस बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाही, मग बघू. आपा, डोळा चिल्ला पाळत नाही. मी मॅडमना फोटो दाखवला. त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे मोतीबिंदू असेल, दुसरंही काही असेल. काहीही असलं तरी थांबायचं नाही. आणायला सांगा." म्हाताऱ्या माणसाचा मोतीबिंदू वर्षभर थांबला तरी चालतो, कारण तो माणूस आधी बघायला शिकलेला असतो. बाळाचं तसं नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत डोळ्यातून मेंदूकडं काही गेलंच नाही, तर मेंदू त्या डोळ्याचा नाद सोडतो. पुढं डोळा कितीही स्वच्छ केला तरी तो परत विचारत नाही.

तू बाहेर येऊ शकत नसशील तर अब्बांबरोबर मुलाला पाठव. मी दुधाची सोय करते, माझं दूध आहे की. तू हो म्हण फक्त.

सना


३ मार्च २०२५

आपा,

काल रोजे सुरू झाले आणि मी मुबीनच्या टेम्पोत बसून मंद्रूपला आले. तू आत होतीस, तरी बाहेर काय झालं ते माझ्या तोंडून ऐक, कारण अम्मी वेगळं सांगेल.

अम्मी दारात उभी राहिली. मी सलाम केला, तिनं घेतला नाही. म्हणाली, "तुझी नजर पोरावर पडली आणि तेव्हापासून तो रात्रंदिस रडतोय. आत येऊ नको." मी म्हटलं, ठीक आहे, येत नाही. आणि ओट्यावर बसले. अल्फिया मांडीवर, ऊन पायांवर. शेजारच्या अक्कम्मा भांडी घासत होत्या त्या हात धुऊन आल्या. म्हणाल्या, "कमरबी, लेकरू घेऊन आलीय की लेक. उनात बसवतीस व्हय? येऊ दे की आत, काय खाती का ती?" अम्मी म्हणाली, "अक्कम्मा, तुमी मदी पडू नका." अक्कम्मांनी घरातून छत्री आणली, माझ्या डोक्यावर धरली आणि गप उभ्या राहिल्या. शेजारीण छत्री धरते आणि आई दार धरते, एवढंच मी बघत होते.

मग तू खिडकीशी आलीस. पडदा तू सारला नाहीस, पण तुझ्या बांगड्या मला ओळखू येतात.

मी विचारलं, "आपा, अब्बांनी पत्र दिलं?"

तू म्हणालीस, "दिलं."

"वाचलंस?"

"जा सना. तो बघतो. माझ्याकडं बघतो तो, मला कळत नाही का?"

"एका डोळ्यानंही बघता येतं, आपा."

मी मोठा करून आणलेला फोटो गजांतून आत टाकला. अम्मीनं धावत येऊन तो उचलला आणि माझ्यादेखत फाडला. फोटो फाडला म्हणून डोळा बरा होत असता तर मी दहा काढून आणले असते.

निघताना अम्मी अल्फियाकडं बघून म्हणाली, "हिच्या डोळ्यात सुरमा तरी घाल, जरा माणसात आल्यासारखी दिसेल." मी म्हटलं, "हिच्या डोळ्यात मी काही घालणार नाही. हिच्या डोळ्यात जे घालायचं होतं ते डॉक्टरांनी घातलंय आणि त्यानंच ही वाचलीय." अम्मीला वाईट वाटलं असेल. वाटू दे.

आपा, मला माहीत आहे तुला काय वाटतंय. आपण त्याला दवाखान्यात नेलं की ते खरं होईल, आणि नेलं नाही तर ते माझ्या तोंडातलंच राहील. मलाही तसंच वाटायचं. मॅडम दर आठवड्याला यायच्या तेव्हा मी अल्लाहकडं एवढंच मागायचे की आज त्या न येवोत. पण त्या यायच्या, आणि त्या यायच्या म्हणूनच मला आज भांडायला तोंड आहे.

तुझा चिल्ला परवा संपतो. मंगळवेढ्याला जायच्या आधी सोलापूरवरूनच जावं लागतं. एसटी बदलताना फोन कर. मी स्टँडवर उभी राहीन. मॅडमचा दवाखाना तिथून रिक्षानं जवळच आहे. हे पत्रही अब्बाच तुझ्या हातात देतील.

सना


८ मार्च २०२५

आपा,

तू सोलापूरवरून गेलीस आणि फोन केला नाहीस. दुल्हेभाई जीप घेऊन आले आणि तुला परस्पर सासरी घेऊन गेले, हे अब्बांकडून कळलं. मी त्या दिवशी दुपारभर स्टँडवर उभी होते. फलाटावरच्या चहावाल्यानं शेवटी बसायला स्टूल दिलं.

हे पत्र मंगळवेढ्याला, तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय. दुल्हेभाईंनी फोडलं तर फोडू दे. त्यांनीही वाचावं.

आधी चांगलं सांगते. अल्फिया काल हसली. झोपेतलं नाही, खरं हसली. मुबीन टेम्पो लावून आला, हातपाय धुतले, तिच्यावर वाकला, आणि तिनं त्याचं तोंड नीट बघितलं, बराच वेळ, एखाद्या पाहुण्याला ओळखावं तसं. मग हसली. मुबीन तसाच वाकून राहिला, पाठ धरली तरी सरळ होईना. ती हसली ती बरोबर त्याच वयात, ज्या वयात वेळेवर आलेली मुलं हसतात.

आता दुसरं. पहिल्या दोन पत्रांत मी अल्फियाबद्दल असं लिहिलं की वाटावं तिचं सगळं छान आहे. सगळं मी लिहिलं नव्हतं. तुम्हा लोकांसमोर मला मान खाली घालायची नव्हती. मॅडम म्हणाल्यात की लेसरनं मधली नजर वाचली, पण कडेची थोडी गेली. तिला लवकरच चष्मा लागेल, जाड. उजवा डोळा डाव्यापेक्षा मागं राहतोय, तो किती पुढं येईल ते आज कुणी सांगू शकत नाही. मी रोज पुठ्ठा धरते, रोज उन्हाच्या कवडशात हात नाचवते, आणि रोज घाबरते. तुला वाटतं मी शूर आहे. माझी रोज फजिती होते, आपा. पण घाबरत घाबरत सुद्धा दवाखान्यात जाता येतं. जाऊन बघ.

आणि आता फरहान. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. अम्मीवरही ठेवू नकोस. तुझ्या स्वतःच्या मुलाला विचार. तो पोट भरून, शांत पडलेला असताना दिवसाउजेडी त्याच्यासमोर तोंड ने. तो तुझ्याकडं बघायला लागला की हळूच तळहातानं त्याचा डावा डोळा झाक, चेहऱ्याला हात न लावता. काय करतो बघ. मग डावा मोकळा सोड आणि उजवा झाक. काय करतो बघ. दोन्ही वेळेला सारखंच वागला, तर मला शिव्या दे, मी ईदला मंद्रूपच्या चौकात कान धरून उभी राहते. पण हे एवढं कर. तू एकटी असताना कर, कुणाला सांगू नकोस.

बुधवारपर्यंत वाट बघेन. बुधवारी मी मंगळवेढ्याला येईन आणि दुल्हेभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर, पाइपांच्या ढिगाशेजारी बसेन, मांडीवर अल्फिया घेऊन. गिऱ्हाइकांनी विचारलं तर खरं ते सांगेन. तुझी अब्रू जाईल, माझी तर गेलीच आहे. आंधळ्या पोरीची जळकी आई म्हणून मला अख्खं मंद्रूप ओळखतं. असल्या बाईला आता कुणाची भीती राहिली?

सना


२९ मार्च २०२५

अम्मी,

सलाम. आतापर्यंतची सगळी पत्रं आपाला होती, त्यातलं पहिलं तू तिच्या आधी वाचलंस. हे तुलाच आहे, अब्बा आणून देतील. मला बुधवारी मंगळवेढ्याला जावं लागलं नाही. मंगळवारी सकाळी दार वाजलं आणि दारात आपा उभी. कडेला फरहान, खांद्याला एक पिशवी, बुरख्याला एसटीची धूळ. सलामसुद्धा केला नाही. म्हणाली, "सना, उजवा डोळा झाकला की तो हात मारतो. मान फिरवतो, रडतो. डावा झाकला तर त्याला कळतसुद्धा नाही." मग तिथंच उंबऱ्यावर बसली. "तीन वेळा बघितलं गं मी. तिन्ही वेळा तसंच."

मी तिला पाणी दिलं, तिनं रोजा नसूनही घेतलं नाही. म्हणाली, "आधी चल."

मॅडमनी तासाभरात सांगितलं. जन्मापासूनचा मोतीबिंदू, डाव्या डोळ्यात, दाट. दुसरं जे वाईट असू शकलं असतं ते नव्हतं. अल्हमदुलिल्लाह. उजवा डोळा ठणठणीत आहे, म्हणून तर तो आपाकडं बघत होता आणि कुणाला शंका येत नव्हती. त्यांनी त्याच दिवशी पुण्याला फोन लावला, एवढ्या लहान मुलाला भूल द्यायची सोय तिथं होती.

दुल्हेभाई फोनवर आपाला काय बोलले ते मी इथं लिहीत नाही. ते तुझ्या कानावर आलंच असेल. पण हेही कानावर येऊ दे, की ते दुसऱ्या दिवशी पुण्याला आले. दवाखान्याच्या जिन्यात आपाशी एक शब्द बोलले नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बसवून फरहानचा डोळा पडद्यावर मोठा करून दाखवला. काळ्या गोलात पांढरा ढग. ते बघून खाली आले, माझ्याकडून अल्फियाला घेतलं आणि म्हणाले, "सना, तू जाऊन काहीतरी खाऊन ये." एवढंच बोलले. एवढं पुरे होतं.

ऑपरेशन झालं. डोळ्यातलं गढूळ भिंग काढून टाकलंय. आता फरहानला चष्मा लागलाय, डाव्या बाजूला एवढी जाड काच की तुला बघून धक्का बसेल. आणि रोज काही वेळ त्याच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची असते, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागतं. हे आठवड्याचं किंवा महिन्याचं नाही अम्मी, तो शाळेत जाईपर्यंत चालायचं आहे. किती दिसेल? मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, म्हणून दिसेल असं म्हणू शकतो. किती ते तुमच्या पट्टीवर आहे. मग म्हणाले, उन्हाळ्यानंतर आला असतात तर मी ऑपरेशन केलं असतं, पण कशासाठी केलं असं स्वतःलाच विचारलं असतं.

आपा माझ्याकडंच राहतेय. ही एक खोली, एक मोरी, दोन पाळणे. दोन बाळंतिणी एका घरात राहिल्या तर अपशकुन होतो असं तू जानेवारीत म्हणाली होतीस, तेव्हा मी काचेच्या पेटीतून बाहेर काढलेली मुलगी घेऊन तुझ्या दारातून परत गेले होते. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. तू माझी आई आहेस म्हणून सांगतेय, परक्या बाईला सांगितलं नसतं. तू घाबरली होतीस हे अब्बांनी मला समजावलं, आणि मला ते पटतंसुद्धा. पण तुझी भीती आम्ही दोघींनी आमच्या मुलांच्या डोळ्यांनी भरायची, हे मला मान्य नव्हतं, आजही नाही.

लोक काय म्हणतील याची तयारी आम्ही केलीय. काल आपा फरहानला घेऊन दुकानात गेली तर एक बाई म्हणाली, "अगं बाई, एवढ्याशा लेकराला चष्मा? आई काय खात होती पोटात असताना?" मी असते तर भांडले असते. आपानं फरहानला तिच्या अगदी तोंडासमोर धरलं आणि म्हणाली, "बघा ना नीट. तोही बघतोय तुमच्याकडं." बाई साबण न घेताच गेली. घरी येऊन आपा एवढी हसली की तिचे सिझरचे टाके दुखले. मला ती किती वर्षांनी हसताना दिसली.

आम्ही ईदला येतोय. पाचही जण. मुबीन टेम्पो धुतोय. मुलं पुढच्या खोलीत बसतील, पाहुण्यांच्या मध्ये, चष्मा-पट्टीसकट. अल्फियाचा चष्मा अजून व्हायचाय, पुढच्या ईदला तिचाही असेल. मामीला आधी कळव, म्हणजे तिला काय बोलायचं ते ठरवायला वेळ मिळेल. आमचं ठरलेलं आहे.

सना

अम्मी, आता मी लिहिते, फिरदोस.

सना सांगते तेवढं सोपं नव्हतं. पट्टी लावली की फरहान आकांत करतो. पहिले दोन दिवस मी स्वतःच पट्टी काढून टाकली, सनाशी भांडले, तिला म्हटलं तू कसाई आहेस. तिनं गप्प पुन्हा लावली. आज सकाळी तो रडून रडून थकला आणि मांडीवर निपचित पडला. मी वाकून त्याच्या चष्म्यावरचं पाणी पुसत होते. तेव्हा तो डोळा माझ्यावर थांबला. चांगला डोळा बंद होता, अम्मी. त्या दुसऱ्या डोळ्यानं, ज्यात काही नव्हतं त्या डोळ्यानं, त्यानं माझं तोंड शोधलं आणि धरून ठेवलं. मी मान हलवली तर थोडा वेळ माझ्यामागं आला. मी ओरडले. सना मोरीतून साबणाचे हात घेऊन धावत आली.

तू पत्र फोडलंस, फोटो फाडलास, ते माझ्या भल्यासाठीच केलंस असं मी मनाला सांगतेय. अजून नीट सांगता येत नाहीये. भेटलो की बोलू, किंवा भांडू.

तू ये म्हणालीस तर येऊ. नको म्हणालीस तरी येऊ. शीरखुर्म्याला दूध जास्त सांगून ठेव, अक्कम्मांनाही बोलावलंय मी.

फिरदोस